कोरियात शिकवायला जाताना: सुट्ट्यांचं गणित आधी मांडा

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण कोरियातल्या देगू शहरात एका विद्यापीठात मार्चपासून दोन वर्षांसाठी नेमणूक झाली आहे, प्राध्यापकांचा ई-1 व्हिसा हातात आहे, यजमान काही महिन्यांनी येतील, दोघंही शाकाहारी. तिथलं रोजचं जगणं कसं असतं? आणि वर्षाला चार-पाच महिने सुट्टी म्हणजे सगळा कोरिया पाहून होईल असं जो तो म्हणतो, ते खरं का?

सुट्टी भरपूर मिळते हे खरं. पण शिक्षकाची सुट्टी इथे नेमकी नको त्या ऋतूत येते. पहिलं सत्र मार्चच्या सुरुवातीला उघडतं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतं. सुट्टी लागते न लागते तोच जांगमा, म्हणजे इथला पावसाळा, सुरू होतो आणि जुलै संपत येईपर्यंत हलत नाही. मग ऑगस्टभर उकाडा. देगूला चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे हे शहर देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत मोडतं. दुसरं सत्र सप्टेंबर ते डिसेंबरचा मध्य, आणि हिवाळी सुट्टी ऐन कडाक्यात. चेरीचा बहर, मे महिन्यातली कोवळी हिरवाई, ऑक्टोबरचं निळं आभाळ, नोव्हेंबरातली लाल पानं, ज्यासाठी लोक जगभरातून इथे येतात ते सगळं तुम्ही वर्गात असताना होऊन जातं. म्हणून माझं सांगणं एवढंच की लांब सुट्टीवर विसंबू नका. कोरिया शनिवार-रविवारी पाहा, पहिल्या महिन्यापासून पाहा. ग्यॉंगजू, आंदोंग, पोहांग, बुसान ही शहरं, हेइन्साचा बौद्ध मठ, हे सगळं देगूपासून दोन तासांच्या आत आहे. सोलमध्ये राहणाऱ्यांना ही सोय नाही.

फिरण्याआधी पहिला महिना नीट लावायला हवा. आपल्या लोकांची त्यात एक खास अडचण होते, ती नावाची. पासपोर्टवर तुमच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा यजमानांचं नाव आहे का ते आजच पाहा. असेल तर निवासी कार्डावर आडनाव, नाव आणि मधलं नाव असं सगळं रोमन लिपीत लांबलचक छापून येतं. बँकेतली मुलगी ते मधली जागा न सोडता टंकते, फोन कंपनीवाला जागा संपली म्हणून शेवटची अक्षरं गाळतो, आणि तिन्ही ठिकाणी तुम्ही तीन वेगळ्या व्यक्ती होता. इथे ऑनलाइन काहीही करायचं म्हटलं की फोनवरून ओळख पटवावी लागते. नाव अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर ती पटत नाही, आणि कारणही कोणी सांगत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी कार्ड, मग बँक, मग फोन. दोन्हीकडे कार्ड समोर ठेवून पडद्यावर नाव कसं टंकलंय ते स्वतः वाचा. रिकाम्या जागासुद्धा मोजा. कर्मचारी मुळीच चिडत नाहीत, उलट पडदा तुमच्याकडे वळवून दाखवतात.

या कार्डासाठीच्या नोंदणीला नव्वद दिवसांची मुदत असते, पण इमिग्रेशन कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मार्चमध्ये विद्यार्थ्यांची झुंबड असते. आल्या आठवड्यातच वेळ घेऊन ठेवा. शंका आली तर 1345 हा इमिग्रेशनचा मदत क्रमांक आहे, इंग्रजीत बोलतात. पर्यटनासाठी 1330, रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 112. आरोग्य विमा नोकरीतूनच होतो, निम्माच हप्ता तुमच्या पगारातून जातो. साध्या दुखण्याला मोठ्या हॉस्पिटलात जायचं नाही, गल्लीतल्या क्लिनिकमध्ये कार्ड दाखवून नंबर लावायचा. रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या.

कोरियन लिपी मात्र येण्यापूर्वीच शिका. चौदा व्यंजनं, दहा स्वर. देवनागरी वाचणाऱ्याला आठवडाभरात जमते, आणि वाक्यरचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. लिपी आली की बसवरची पाटी, मेनू, औषधाचं पाकीट, कचऱ्याची सूचना वाचता येते. निम्मं परकेपण तिथेच गळून पडतं.

घर विद्यापीठानं दिलं तर उत्तम. नाही दिलं तर अनामत आणि महिन्याचं भाडं अशा वोल्से पद्धतीनं वनरूम मिळते. जमीन खालून तापते, त्या ओन्दोलची थंडीत इतकी सवय होते की खुर्ची नकोशी वाटते. पण हवा फार कोरडी पडते, म्हणून रात्री धुतलेले कपडे खोलीतच वाळत घाला. चुलीच्या जागी बहुधा इंडक्शन असतं, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणू नका, इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा आणा. वीज 220 व्होल्टच आहे, गोल दोन पिनांचा प्लग बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही. गोडा मसाला आणा. आंबे, कढीपत्ता वगैरे ताजं काही आणू नका, विमानतळावर काढून घेतात. तांदूळ इथला आखूड आणि चिकट, इंद्रायणीसारखा. पाण्याचं प्रमाण त्याच अंदाजानं घ्या म्हणजे भात बिघडत नाही.

कचऱ्याचं नीट समजून घ्या, कारण शेजाऱ्यांचं तुमच्याबद्दलचं पहिलं मत त्यावरून होतं. साध्या कचऱ्याच्या पिशव्या महापालिकेच्या, त्यावर भागाचं नाव छापलेलं. त्या मार्टच्या गल्ल्यावर मागून विकत घ्यायच्या. ही पद्धत देशभर 1995 पासून आहे. ओला कचरा वेगळा. बऱ्याच इमारतींत त्याचा डबा कार्ड लावल्यावर उघडतो, वजन करतो आणि तेवढे पैसे लावतो. आता मराठी स्वयंपाकघराचा मुद्दा: कांद्या-लसणाची सालं, चहाचा चोथा आणि नारळाची करवंटी ओल्या कचऱ्यात चालत नाही, ती साध्या पिशवीत जाते. ओला कचरा म्हणजे जनावराच्या खाद्यात जाऊ शकेल ते, हा नियम लक्षात ठेवला की फारसं अडत नाही.

बाहेर खाणं हा शाकाहाऱ्यासाठी खरोखर कठीण विषय आहे. किमचीत, म्हणजे जेवणाबरोबर येणाऱ्या आंबवलेल्या भाजीत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क असतो, आणि साध्या दिसणाऱ्या सुपाचं पाणीसुद्धा सुकवलेल्या मासळीत उकळलेलं असतं. "गोगी प्पे जुसेयो", म्हणजे मांस काढा, एवढं म्हणून भागत नाही, कारण मासळी त्यात धरली जात नाही. मासे, कोळंबी, हॅम, फिशकेक अशी नावं घेऊन सांगावं लागतं. एक चिठ्ठी कोरियनमध्ये लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. बिबिंबाप, म्हणजे भाज्या मिसळून खायचा भात, मांस आणि अंडं काढून बहुतेक ठिकाणी मिळतो. उन्हाळ्यात कोंगुक्सू, म्हणजे सोयाबीनच्या थंडगार दुधातल्या शेवया, जरूर खा. देगूच्या सोमुन बाजारात नाप्जाक मांडू नावाचे चपटे मोमो तव्यावर भाजतात, आत थोड्या पारदर्शक शेवया आणि पात असते; तरी विचारून घ्या. आणि भाज्या! नेच्याचे कोंब, दोराजीची मुळं, पालक, मोड आलेलं सोयाबीन, तिळाच्या तेलात हलकं परतलेलं, त्याला नामुल म्हणतात. विद्यापीठाच्या खानावळीत दुपारी भात, दोन नामुल भाज्या आणि भाजलेलं समुद्री शेवाळ घेतलं की जेवण होतं. अगदी निर्धास्त जेवायचं असेल तर बौद्ध मठात. तिथे मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो.

वर्गाबद्दल दोनच गोष्टी. विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत म्हणून त्यांना काही कळलं नाही असं धरू नका; तास संपल्यावर दाराशी येऊन किंवा रात्री मेलवर विचारतील. वर्गातले काही मुलगे दोन वर्षांनी मोठे असतात, ते सक्तीची लष्करी सेवा करून परतलेले असतात आणि लहानांवर त्यांचा वचक असतो. गटात काम देताना हे लक्षात घ्या. दुसरं, भेटवस्तू. 2016 पासून लागू झालेला भ्रष्टाचारविरोधी कायदा इतका कडक आहे की ज्याला तुम्ही गुण देणार त्या विद्यार्थ्याकडून कॉफीचा डबासुद्धा घ्यायचा नाही. 15 मे हा शिक्षकदिन. त्या दिवशी वर्गप्रतिनिधीनं सगळ्यांसमोर दिलेलं कार्नेशनचं फूल तेवढं चालतं. सहकाऱ्यांच्या रात्रीच्या जेवणाला, ह्वेसिकला, जरूर जा. पीत नसाल तर सुरुवातीलाच सांगा. पण ज्येष्ठांचा पेला दोन्ही हातांनी भरा, तेवढं केलं की कोणी आग्रह धरत नाही.

आता फिरणं. वर्ष सत्राच्या मध्यावरच्या परीक्षांभोवती बेतायचं. वसंतात परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे असते आणि चेरी त्याआधीच, मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलून जाते. परीक्षेनंतर निवांत जाऊ म्हणाल तर वर्ष गेलं. बहराच्या आठवड्यातच ग्यॉंगजू गाठा. सिल्ला राज्याची ही जुनी राजधानी. शहराच्या मधोमध देरुंगवनमध्ये राजांच्या समाध्यांचे गवताळ उंचवटे आहेत आणि त्यांच्या दगडी कुंपणाबाहेर चेरीची रांग. बाजूलाच सातव्या शतकातली छॉमसॉंगदे वेधशाळा. बुलगुक्सा मंदिर आणि सॉकगुरामची ग्रॅनाइटमधली बुद्धमूर्ती ही दोन्ही 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सॉकगुरामला मूर्ती काचेमागे आहे, आत जाता येत नाही. म्हणून गर्दी व्हायच्या आत, सकाळी लवकर जा. संध्याकाळ वोल्जी तळ्याकाठी काढा. ग्यॉंगजू एका दिवसात उरकणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही एक रात्र मुक्काम कराच.

शरदात परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटाकडे, आणि फल्गोंगसानची पानं नेमकी त्यानंतर रंगतात. हा डोंगर देगूच्या उशालाच आहे, 2023 च्या अखेरीस तो राष्ट्रीय उद्यान झाला. त्यावर गत्बावीला जा. सुमारे 850 मीटर उंचीच्या शिखरावर सिल्लाच्या काळातला दगडी बुद्ध बसला आहे, डोक्यावर टोपीसारखी एक चपटी शिळा. हा भैषज्यगुरू, औषधीचा बुद्ध. मनापासून मागितलेली एक इच्छा तो पुरवतो अशी श्रद्धा आहे. देगूच्या बाजूनं चढलं तर हजारावर दगडी पायऱ्या.

नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी सुनुंग, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा असते. त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणं थांबवतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीतून पोचवतात. त्याआधीचे काही आठवडे गत्बावीचं पटांगण आयांनी भरलेलं असतं. समोर मुलाचा फोटो किंवा नाव-जन्मतारीख लिहिलेला कागद, शेजारी मेणबत्ती, तांदळाची छोटी पिशवी. ध्वनिक्षेपकावर "याक्सा यॉरेबुल" असा बुद्धनामाचा संथ जप चालू असतो आणि त्या एकशे आठ साष्टांग नमस्कार घालत असतात. उठायचं, हात जोडायचे, गुडघे टेकायचे, कपाळ टेकवायचं, पुन्हा उठायचं. साठीच्या आज्याही असतात. कोणी थकलं तर शेजारची अनोळखी बाई काकडीचा तुकडा पुढे करते. सोमवारी सकाळी पहिल्या बाकावर गप्प बसलेला जो मुलगा तुम्हाला दिसतो, त्याच्यासाठी वर्षापूर्वी कोणीतरी असं डोंगरावर उभं होतं. कोरियात शिकवणाऱ्यानं हे एकदा पाहायलाच हवं. नमस्कार करणाऱ्यांचे फोटो मात्र काढू नका.

हेइन्सासाठी मे किंवा ऑक्टोबर. देगूच्या पश्चिम बसस्थानकावरून सुमारे दीड तास. तेराव्या शतकात, मंगोलांच्या स्वाऱ्या चालू असताना कोरलेले बौद्ध त्रिपिटकाचे 81 हजारांवर लाकडी ठसे तिथे आजही ठेवलेले आहेत. भारतातून जे बौद्ध ग्रंथ चिनीत गेले, त्यांचा हा अतिशय परिपूर्ण संग्रह. ठशांइतकंच ते कोठार पाहण्यासारखं आहे. एका भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, समोरच्या भिंतीत उलट. त्यामुळे हवा आत शिरून खेळते आणि बाहेर पडते. जमिनीत कोळसा, मीठ, चुना, वाळू घातली आहे, ती दमटपणा शोषते. ना पंखा, ना यंत्र. गजांमधून आत डोकावून पाहायचं असतं, तेव्हा घाई करू नका. मठात एक रात्र राहण्याची सोय आहे. पहाटेची प्रार्थना आणि सकाळचं जेवण, दोन्हीसाठी राहा.

देगूतच सुसॉंग भागात कर्नल उन्नी नायर यांचं स्मारक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगावर ते भारताचे प्रतिनिधी होते. 12 ऑगस्ट 1950 रोजी देगूजवळ सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा मृत्यू झाला. पर्यटकांच्या यादीत हे ठिकाण नसतं, तुम्ही मात्र जा. उत्तर कोरियाच्या सीमेवर इम्जिनगाक आणि उत्तरेनं खणलेल्या तिसऱ्या भुयाराच्या सहलीला गेलात तर आणखी एक गोष्ट मनात असू द्या. कोरियन युद्ध थांबल्यावर 1953-54 मध्ये मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण भारतीय सैन्यानं केली, आणि त्या दलाचे प्रमुख होते आपले मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय जवानांना कोरियन भूमीवर उतरू द्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं गेलं. त्यांच्या छावणीचं नाव हिंद नगर होतं. सहलीला पासपोर्ट लागतो, आणि सोमवारी सहली बंद असतात.

उन्हाळी सुट्टीत मी तुम्हाला घरी भारतात जायला सांगेन. जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला आठवडा सगळा देश एकदम सुट्टीवर निघतो. बुसानच्या हेउंदे किनाऱ्यावर वाळू दिसत नाही. इथेच राहणार असाल तर गांगवॉन प्रांतातला थंड डोंगराळ भाग बरा. 1 जानेवारी 2025 ला पूर्व किनाऱ्याची रेल्वे पूर्ण झाली, आता देगूहून पोहांगमार्गे समुद्र बघत गांगनुंगपर्यंत गाडी जाते. हिवाळी सुट्टी मात्र वाया घालवू नका. थंडीला घाबरून लोक घरात बसतात, पण जेजू बेटावरच्या हाल्लासान डोंगराचा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीतच पाहायचा. 1,947 मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर. माथ्यावर जाणाऱ्या सॉंगपानाक आणि ग्वानुमसा या वाटांसाठी आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत मधल्या निवाऱ्याशी पोचला नाहीत तर वर सोडत नाहीत. बुटांना लावायचे लोखंडी काटे बरोबर हवेतच. उतरल्यावर सार्वजनिक स्नानगृहात जा. कपड्यांशिवाय आत जायचं असतं, आपल्याला संकोच वाटतो, पण कोणी ढुंकूनही पाहत नाही आणि पायांचा ठणका तिथेच उतरतो. बाहेर पडताना करारातली एक ओळ मात्र वाचून ठेवा: काही विद्यापीठांत सुट्टीतही परदेशी जायला विभागाची परवानगी लागते.

राहता राहिले दोन मोठे सण, सॉल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष आणि छुसॉक म्हणजे सुगीचा सण. छुसॉक त्यांच्या पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, त्यामुळे बहुतेक वर्षी तो अनंत चतुर्दशीच्या आगेमागेच पडतो. 2024 मध्ये दोन्ही 17 सप्टेंबरलाच होते. अधिक महिन्याच्या फरकानं कधी पुढे सरकतो. 2025 मध्ये तो 6 ऑक्टोबरला, कोजागिरीच्या दिवशीच आला. या दिवसांत अख्खा देश आपापल्या गावी जातो, महामार्ग तुंबतात आणि रेल्वेची तिकिटं कित्येक आठवडे आधी, ठरवून दिलेल्या दिवशी विकली जातात. सणाच्या दिवशी छोटी दुकानं, खानावळी बंद; आदल्या दिवशी भाजी-दूध भरून ठेवा. एखाद्या सहकाऱ्यानं घरी बोलावलं तर बाकी सगळे बेत रद्द करून जा, फळांची पेटी घेऊन. पूर्वजांसाठी मांडलेलं पान पाहून तुम्हाला पितृपक्ष आठवेल.

आणि कोणी बोलावलं नाही तर उलट दिशेनं निघा. सणाच्या आधी गर्दी सोलमधून बाहेर पडत असते, त्यामुळे देगूहून सोलला जाणाऱ्या गाडीत जागा मिळणं सोपं असतं; पावणेदोन-दोन तासांत पोचता. सणात राजवाडे विनामूल्य उघडे असतात. 1395 चा ग्यॉंगबोकगुंग आणि छांगदॉकगुंग दोन्ही पाहून घ्या, आणि सोलची गर्दी परतत असताना, सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा उलट दिशेनं देगूची गाडी धरा.